जुन्या ट्रॅक्टरच्या गंजलेल्या रिम आणि टायरसकट होणारे वेल्डिंग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यापूर्वी शेतीयंत्रांची देखभाल कशी करावी, याविषयीचा एक उपयुक्त लेख आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर नुकताच वाचला. इंजिन ऑइल, एअर क्लीनर, बॅटरी, हायड्रॉलिक या सर्वांची त्यात व्यवस्थित माहिती होती. मात्र हे सारे वजन ज्यांच्यावर उभे असते त्या चाकांच्या रिमविषयी एक वाक्यही नव्हते. नव्या ट्रॅक्टरच्या बाबतीत ते एक वेळ चालून जाईल. ज्यांच्या दारात तीस, चाळीस किंवा पन्नास वर्षांचा ट्रॅक्टर उभा आहे त्यांच्यासाठी मात्र रिमचा गंज हा इंजिनाच्या कामाइतकाच महत्त्वाचा, आणि जिवाच्या दृष्टीने पाहिले तर त्याहून गंभीर विषय आहे. गंजून भोक पडलेल्या रिमवर टायर तसाच ठेवून वेल्डिंग मारण्याची जी पद्धत आमच्या भागात सर्रास चालते ती ताबडतोब थांबली पाहिजे, हे मला आपल्या दैनिकामार्फत शेतकऱ्यांना आणि गॅरेजवाल्यांना कळकळीने सांगायचे आहे. त्याचबरोबर रिम उघडून, तपासून, ती दुरुस्त करायची की बदलायची हे कसे ठरवावे, हेही थोडे सविस्तर मांडायचे आहे.

मी शिरोळ तालुक्यातील ऊस उत्पादक शेतकरी आहे. वडिलांनी घेतलेला इंटरनॅशनल बी-२७५ आमच्या घरी अजून चालू स्थितीत आहे. हे मॉडेल मूळचे इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या कारखान्यातले. १९६३ साली महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली आणि पुढे मुंबईत कांदिवलीला हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. या ट्रॅक्टरचे पिस्टन, लायनर, क्लच प्लेट आजही मिळतात आणि ते बसवणारे जुने मिस्त्रीही आहेत. मॅसी फर्ग्युसन, एस्कॉर्ट, एचएमटी झेटर यांच्या मालकांचा अनुभवही साधारण असाच आहे. इंजिन दोन-तीन वेळा बांधून निघते, गिअरबॉक्स उघडला जातो, सीट आणि मडगार्ड बदलतात. रिम मात्र कारखान्यातून आली तशीच, वरून रंगाचे थर चढवत, वर्षानुवर्षे चालत राहते.

गंज दिसतो तो रिमच्या बाहेरच्या अंगाला, पण तो खातो टायरने झाकलेल्या बाजूने. नांगरटीला पकड यावी म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरण्याची पद्धत जुनी आहे आणि ती योग्यही आहे. चाक फिरवून व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणायचा आणि त्या पातळीपर्यंत, म्हणजे टायरच्या साधारण पाऊण भागापर्यंत पाणी भरायचे, अशी ती रीत. २८ इंची मागच्या टायरमध्ये असे दीडशे लिटरच्या आसपास पाणी मावते. थंड देशांत हे पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळत आले, आणि त्याच क्षाराने तिकडच्या कितीतरी जुन्या ट्रॅक्टरच्या रिम खाल्ल्या. आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे मुद्दाम क्षार कोणी मिसळत नाही. परंतु आमच्या तालुक्यात क्षारपड झालेल्या जमिनींतल्या विहिरींचे पाणीच मचूळ आहे, आणि जवळ जे पाणी असेल तेच टायरमध्ये जाते. पाणी ट्यूबमध्ये आहे तोवर रिमला काही होत नाही. व्हॉल्व्हच्या बुडाशी पाझर सुरू झाला किंवा बाभळीच्या काट्याने बारीक पंक्चर झाले की ते ट्यूब आणि रिम यांच्या फटीत उतरते. तिथे ऊन लागत नाही, वारा लागत नाही, आणि एकदा शिरलेली ओल टायरच्या कडेशी महिनोन्‌महिने टिकून राहते. म्हणूनच बहुतेक जुन्या रिमवर सर्वांत आधी व्हॉल्व्हच्या भोकाभोवतालचा भाग खचतो आणि त्यानंतर टायरची कड जिथे टेकते ती जागा जाते.

यात खतांचीही भर पडते. म्युरेट ऑफ पोटॅश हे मुळात पोटॅशियम क्लोराइड आहे, आणि लोखंडाचा गंज वाढवण्यात क्लोराइडचा हात मोठा असतो. खताची पोती वाहून आणलेला, पेरणीला वापरलेला ट्रॅक्टर न धुता गोठ्याच्या कडेला, शेणामुताच्या ओलीत उभा करायचा, हे आपल्याकडे घरोघरी चालते. चाकाची मधली डिस्क आणि रिम यांना जोडणाऱ्या लगांच्या मागे जी माती घट्ट बसते तीही पावसाळाभर ओल धरून ठेवते. नळीने पाणी मारले तर ती निघत नाही. पातळ पट्टी घालून उकरावी लागते.

आमच्या भागात याहून मोठे कारण महापुराचे आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णा-पंचगंगेचे पाणी गावांत शिरले आणि कित्येक ट्रॅक्टर दिवसचे दिवस त्यात उभे राहिले. पाणी ओसरल्यावर लोकांनी ऑइल बदलले, डिझेलची टाकी धुतली, सेल्फ आणि डायनॅमो वाळवले, बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरले. टायर मात्र कोणी उतरवले नाहीत, कारण त्यांतली हवा शाबूत होती. आमच्या ट्रॅक्टरचे डावे मागचे चाक पुढे जेव्हा उघडले तेव्हा टायरच्या पोटातून पुराच्या गाळाची वाळलेली ढेकळे निघाली. ट्यूबच्या रिमकडच्या अंगावर तांबड्या भुकटीचा थर बसला होता, व्हॉल्व्हच्या भोवती तळहाताएवढ्या भागातले लोखंड पापुद्र्यांनी सुटून बोटाने निघत होते, आणि त्याच जागी बाहेरच्या बाजूने रंग केवळ थोडासा फुगलेला होता. बाहेरून पाहणाऱ्याला ती रिम आणखी दहा वर्षे चालेल असेच वाटले असते.

त्यामुळे बाहेरून दिसणाऱ्या बारीक खुणा ओळखणे महत्त्वाचे आहे. व्हॉल्व्हच्या भोकातून खाली तांबडा ओघळ आला असेल, रंगाला फोड आले असतील, किंवा टायरमधले पाणी कमी होत असेल तर रिम उघडण्याची वेळ झाली आहे असे समजावे. सर्वांत खात्रीची खूण पंक्चरवाल्याला माहीत असते: काटा किंवा खिळा न सापडता ट्यूब वारंवार पंक्चर होत असेल आणि भोक ट्यूबच्या रिमकडच्या अंगाला असेल, तर गंजाचे पापुद्रेच ती ट्यूब कापत आहेत. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. तो फुगतो तसा टायरची कड उचलून धरतो आणि ट्यूबमध्ये घुसतो. अशा वेळी ट्यूबला ठिगळ लावून चाक परत बसवणे म्हणजे पुढच्या पंक्चरची तयारी करणे होय. हलक्या हातोडीने रिमवर सर्व बाजूंनी ठोकून पाहावे. चांगले लोखंड वाजते, झिजलेल्या जागी आवाज बसका येतो.

आता ज्या मुद्द्यासाठी प्रामुख्याने हे पत्र लिहीत आहे त्याकडे येतो. भोक दिसले की चाक गॅरेजमध्ये न्यायचे, हवा सोडायची आणि टायर न उतरवता बाहेरून पत्र्याचा तुकडा ठेवून वेल्डिंग करून घ्यायचे, असे होते. टायर उतरवण्याची मजुरी वाचते, अर्ध्या तासात काम होते आणि सुगीच्या घाईत शेतकऱ्यालाही तेच हवे असते. परिसरातील एका दुकानात मी हे स्वतः पाहिले आहे. व्हॉल्व्हची पिन काढली आहे, म्हणजे आता धोका नाही, अशी त्या तरुण कारागिराची प्रामाणिक समजूत होती. रबर जळाल्याचा वास येऊ लागला तेव्हा शेजारच्या वयस्कर पंक्चरवाल्याने धावत येऊन त्याला थांबवले आणि सर्वांना लांब उभे केले, म्हणून पुढचे टळले.

ही समजूत का चुकीची आहे, हे प्रत्येक वेल्डरला समजणे आवश्यक आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने रिम तापते आणि तिला चिकटलेले रबर आतल्या बाजूने जळू लागते. त्यातून ज्वालाग्राही वायू सुटतात, ते टायरच्या बंद पोकळीत हवेशी मिसळतात आणि पुरेसे तापले की एकदम पेट घेतात. त्या क्षणी निर्माण होणारा दाब व्हॉल्व्हच्या पेन्सिलीएवढ्या भोकातून बाहेर पडणे शक्यच नसते. टायर फुटतो, रिमचे तुकडे उडतात, आणि समोरचा माणूस वाचत नाही. हा स्फोट वेल्डिंग चालू असतानाच होईल असेही नाही. काम आटोपून चाक बाजूला ठेवल्यावर, आत रबर धुमसत राहिल्यामुळे काही वेळानेही तो होऊ शकतो. टायरमध्ये पाणी आहे म्हणून धोका नाही, हाही गैरसमजच आहे. जगभरातील टायर उत्पादकांची सूचना या बाबतीत एकच आहे: टायर बसवलेल्या रिमवर, हवा असो वा नसो, वेल्डिंग करू नये आणि गॅसची ज्योतही लावू नये.

ज्योतीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण जाम झालेले चाकाचे नट सोडवण्यासाठी गॅस कटरने तापवण्याची सवयही तितकीच पसरलेली आहे. जुन्या ट्रॅक्टरचे नट गंजाने धरलेले असतात, हे खरे. त्यावर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री मारून ठेवावे, नटच्या भोवतालचा गंज वायर ब्रशने साफ करावा, पान्याला लांब पाइप लावून आधी किंचित आवळण्याच्या दिशेने आणि मग सोडण्याच्या दिशेने जोर द्यावा. बहुतेक नट असे निघतात. जो निघतच नाही तो छिन्नीने फोडावा आणि बोल्टसकट बदलावा. टायर चाकावर असताना आग नको, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ आहे.

चाक उतरवताना आधी पाणी काढून टाकावे. पाणी भरलेले मागचे चाक अडीचशे किलोच्या पुढे जाते, आणि ते कलंडले तर दोन माणसांनाही आवरत नाही. ट्रॅक्टर सपाट, कठीण जमिनीवर उभा करून पुढच्या चाकांना ओट लावावी, अ‍ॅक्सलखाली लाकडी ठोकळ्यांचा भक्कम टेकू द्यावा आणि केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये. टायरची कड गंजलेल्या रिमला घट्ट चिकटलेली असते. साबणाचे पाणी सोडून, चौफेर थोडे थोडे दाबत ती मोकळी करावी. पहार आणि घण घालून घाई केली तर गंजापेक्षा आपणच रिमची कड वाकवतो, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या रिमची कड पुन्हा सरळ करणे सोपे नसते.

टायर उतरल्यावर निर्णय घेता येतो. पापुद्रे खरवडून, वायर ब्रश मारून रिम स्वच्छ केल्याशिवाय मत बनवू नये, कारण गंजाखाली कधी चांगले लोखंड निघते आणि कधी चांगल्या दिसणाऱ्या जागी टोच्या आरपार जातो. जिथे रिम अजिबात झिजलेली नाही तिथली जाडी कॅलिपरने मोजावी आणि तिच्याशी बाकीच्या भागाची तुलना करावी. मधल्या खोलगट भागात केवळ खड्डे पडले असतील आणि जाडी फारशी घटली नसेल तर सफाई आणि रंग एवढेच काम आहे. व्हॉल्व्हच्या भोवतीचा मर्यादित भाग खाल्ला गेला असेल तर तेवढा कापून ठिगळ घालता येते. परंतु टायरची कड जिथे बसते ती पट्टी किंवा तिला अडवून धरणारी उभी कड पातळ झाली असेल, धारेसारखी लागत असेल, तर त्या रिमवर एक रुपयाही खर्च करू नये. टायर तिथेच धरला जातो. तिथे भर घालून केलेली दुरुस्ती ट्रॉली ओढताना आणि वळणावर कधी दगा देईल याचा भरवसा नाही. लगांच्या वेल्डिंगला किंवा डिस्कच्या बोल्टच्या भोकांना चिरा गेल्या असतील, भोके लांबट झाली असतील, तर तो भागही बदलण्याच्याच यादीत धरावा. आमच्या डाव्या चाकाची कड शाबूत होती, म्हणून ठिगळ लावले. उजव्या चाकाची कड गेली होती, म्हणून रिंग, म्हणजे डिस्कभोवतीचा नुसता रिमचा गोल, नवी घातली. दोन चाकांना दोन न्याय लागले आणि तसेच व्हायला हवे होते.

ठिगळाचे काम कसे असावे, याबद्दल माझे मत ठाम आहे. गंजलेल्या भागावर पत्रा ठेवून कडेने वेल्डिंग मारले की पत्र्याखाली ओल अडकते आणि दोन पावसाळ्यांत ठिगळाच्या शेजारी नवी भोके पडतात. चांगले लोखंड लागेपर्यंत गंजका भाग कापून काढावा, कोपरे गोल ठेवावेत, त्याच जाडीचा तुकडा रिमच्या वळणाप्रमाणे वाकवून कडेला कड लावून जोडावा, आणि आतल्या बाजूचे वेल्डिंग ग्राइंडरने इतके सपाट करावे की बोट फिरवले तरी उंचवटा लागू नये. व्हॉल्व्हचे भोक नव्याने पाडल्यावर त्याच्या कडा गोल घासाव्यात, नाहीतर ट्यूबचा व्हॉल्व्ह बुडाशी कापला जातो. एका दमात लांब वेल्डिंग केले तर रिम तापून वाकते. म्हणून थोडे इकडे, थोडे समोरच्या बाजूला असे करत, मध्ये थंड होऊ देत काम करावे. मग रिम हबवर चढवून, बाजूला एक टोकदार सळई स्थिर धरून चाक हाताने फिरवावे. सळई आणि रिम यांतले अंतर सगळीकडे जवळपास सारखे राहिले पाहिजे.

सफाईसाठी आमच्या जिल्ह्याइतकी सोय फार थोड्या ठिकाणी असेल. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे कारखाने आहेत, आणि कास्टिंग साफ करण्यासाठी लागणारे ब्लास्टिंगचे, म्हणजे बारीक कणांचा जोराने मारा करून लोखंड साफ करण्याचे काम तिथे रोजच चालते. ट्रॅक्टरची रिम मावेल असे यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून ती करून घेतली तर खड्ड्यांच्या तळातला गंजही निघतो. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी विजेची पद्धत आहे. जमिनीत उथळ खड्डा करून त्यात शेततळ्याचा उरलेला प्लास्टिक कागद अंथरावा, पाणी भरून त्यात धुण्याचा सोडा विरघळवावा, रिम बुडवून बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार रिमला आणि धन तार भोवती ठेवलेल्या भंगार लोखंडी पट्ट्यांना जोडावी. पट्ट्या आणि रिम एकमेकांना लागू देऊ नयेत. तारा उलट जोडल्या गेल्या तर गंज निघण्याऐवजी रिमच खाल्ली जाते, त्यामुळे चार्जर सुरू करण्यापूर्वी दोनदा तपासावे. सोड्याऐवजी मीठ वापरू नये, कारण त्याने विषारी क्लोरीन वायू सुटतो. पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या घेऊ नयेत, कारण त्यांतून क्रोमियमचे घातक क्षार पाण्यात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन निघत असल्याने काम उघड्यावरच करावे, जवळ विडी-काडी नको, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी चार्जर बंद करावा. ही पद्धत सावकाश चालते, पण चांगल्या लोखंडाला धक्का न लावता केवळ गंज सोडवते, आणि जुन्या रिमवर खोदलेले मापाचे आकडे पुन्हा वाचता येतात हा तिचा मोठा फायदा आहे.

स्वच्छ केलेले उघडे लोखंड दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस होते. म्हणून रिम वाळवून त्याच दिवशी प्रायमर मारावा, आणि तो आतल्या, म्हणजे न दिसणाऱ्या बाजूला अधिक काळजीपूर्वक मारावा. जस्तयुक्त किंवा इपॉक्सी प्रायमर महाग पडतो, परंतु चाकात पाणी भरणाऱ्यांनी तिथे काटकसर करू नये. गंजाच्या पापुद्र्यांवर रेड ऑक्साइडचा हात फिरवून काहीही साधत नाही. रंग पापुद्र्याला चिकटतो आणि पापुद्रा गळून पडतो. याउलट हब आणि डिस्क जिथे एकमेकांना टेकतात ती जागा आणि नट बसण्याच्या जागा यांवर रंगाचे जाड थर देऊ नयेत. नट आवळल्यावर तो रंग दबत जातो आणि नट ढिले पडतात. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा तपासावेत.

बदलायची वेळ आली तर ‘२८ इंची रिम द्या’ एवढे सांगून चालत नाही. रिमवर डब्ल्यू १० × २८ किंवा डब्ल्यू ११ × २८ असे लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा टायरच्या दोन कडांमधल्या रुंदीचा आणि दुसरा व्यासाचा, दोन्ही इंचांत. जुन्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत टायरचे माप ११-२८ असे दिसते आणि दुकानदार १२.४-२८ पुढे करतो तेव्हा अनेकांचा गोंधळ होतो. ती एकाच टायरची जुनी आणि नवी खूण आहे; तसेच १०-२८ म्हणजे आजचे ११.२-२८ आणि १२-२८ म्हणजे १३.६-२८. पकड वाढावी म्हणून अरुंद रिमवर रुंद टायर चढवणारे बरेच आहेत. त्यात टायरच्या कडा आवळल्या जातात, टायर मध्यभागी फुगतो, रानात कडेची नक्षी नीट टेकत नाही आणि झीज मधेच होते, म्हणजे वाढवलेल्या रुंदीचा उपयोगच राहत नाही. याशिवाय लगांची संख्या, त्यांची उंची, त्या रिमच्या मध्यापासून किती सरकलेल्या आहेत, बोल्टच्या भोकांमधले अंतर आणि हबचे भोक, एवढी मापे जुन्या रिमवरून कागदावर उतरवल्याशिवाय घराबाहेर पडू नये. लग मध्यापासून सरकलेल्या असतात त्या एका कारणासाठी: रिम आणि डिस्क उलटसुलट बसवून दोन चाकांतले अंतर उसाच्या सरीप्रमाणे कमी-जास्त करता येते. लग चुकीच्या जागी जोडलेली रिम बसते, पण ही सोय कायमची जाते. भंगार बाजारातून जुनी रिम आणणाऱ्यांनी ती घेण्यापूर्वी आतली बाजू पाहावी आणि वरच्या चकचकीत रंगावर जाऊ नये.

डिस्क चांगली असेल तर ती फेकू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जुन्या चाकांच्या डिस्क जाड, दाबून घडवलेल्या आणि उघड्या हवेत असल्यामुळे बहुधा शाबूत असतात. नवी रिंग आणून तिच्यावर योग्य जागी लग जोडून घेतल्या की मूळ डिस्क पुन्हा वापरता येते, खर्चही वाचतो आणि ट्रॅक्टरचे मूळ रूपही टिकते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे नेमके काम करणारे हात आहेत. पूर्ण चाक भंगारात घालून वेगळ्याच मॉडेलचे चाक भोके वाढवून बसवले की हबवरचा भार तिरका पडतो आणि पुढे बेअरिंग, सील यांचा खर्च मागे लागतो.

टायर परत चढवतानाचाही एक धोका सांगतो. टायरची कड रिमवर बसत नसेल तर आत पेट्रोल किंवा तसलेच काही मारून काडी लावण्याचे प्रकार मोबाइलवर पाहून आपल्याकडेही होऊ लागले आहेत. ते कोणीही करू नये. कडेला साबणाचे पाणी लावावे, हवा भरताना चाकासमोर उभे न राहता लांब नळी वापरून बाजूला राहावे, आणि ३५ पीएसआयपर्यंत कड बसली नाही तर हवा सोडून पुन्हा साबण लावून प्रयत्न करावा. दाब वाढवत नेऊ नये. दुरुस्त केलेल्या रिमच्या बाबतीत तर याला अपवादच नाही.

शेवटी काही विनंत्या. शासकीय आयटीआयमध्ये वेल्डर आणि ट्रॅक्टर मेकॅनिक हे दोन्ही अभ्यासक्रम चालतात. टायर बसवलेल्या रिमवर वेल्डिंग का करू नये, हा धडा तिथे प्रत्यक्ष चाक समोर ठेवून शिकवला जावा, आणि गावोगावच्या गॅरेजमधल्या, आयटीआयचे तोंड न पाहिलेल्या मुलांसाठी कृषी विज्ञान केंद्रांनी तो एखाद्या दिवसाच्या शिबिरात द्यावा. साखर कारखान्यांकडे माझी वेगळी विनंती आहे. बॉयलरच्या नळ्यांची जाडी बाहेरून मोजणारे अल्ट्रासॉनिक जाडीमापक या उद्योगात वापरले जाते. रिमच्या एका छोट्या जागेवरचा रंग खरवडून तेच यंत्र टेकवले, तर टायर न उतरवता आतल्या झिजेचा बऱ्यापैकी अंदाज येतो. गाळप हंगाम संपला की ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर मोकळे होतात आणि मृगापर्यंत हाताशी थोडे दिवस असतात. त्या काळात कारखान्यांनी आपल्या सभासदांच्या आणि वाहतूकदारांच्या ट्रॅक्टरच्या रिम या यंत्राने तपासून द्याव्यात, व्हॉल्व्हच्या भोवती आणि दोन्ही कडांशी मिळालेले आकडे मालकाला लिहून द्यावेत, आणि ज्यांची जाडी घटली आहे त्यांना टायर उतरवून पाहण्यास सांगावे. आपल्या शेतीविषयक पानावर यंत्र-देखभालीचा पुढचा मजकूर येईल तेव्हा त्यात रिमचा समावेश व्हावा, हीही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक शेतकरी वाचक
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर